अकराशे रुपयांचे लोखंड

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, जिन्याखाली अथवा मागच्या पडवीत एक जुने शिलाई मशीन असते. त्यावर अंथरुणांच्या घड्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी विसावलेली असते. ते चालत नाही, पण टाकवतही नाही. भंगारवाल्याची हाक आली की त्याची आठवण होते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विषय पुन्हा बाजूला पडतो. माझ्या आत्याकडील मशीनचेही असेच झाले होते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र तो विषय बाजूला पडला नाही, कारण भंगारवाल्याने वजनाचा अंदाज घेऊन अकराशे रुपये देऊ केले होते आणि घरात त्या वेळी अकराशे रुपयांनाही अर्थ होता.

आत्या झाशीच्या प्रेम नगरात राहते. मुंबईहून पंजाब मेलने निघाले की दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी येते. स्थानकाला २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव दिले गेले, तरी बाहेर रिक्षावाल्याला ‘प्रेम नगर’ एवढे सांगितले की पुरते. रेल्वेच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. झाशीत मराठी माणूस कसा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. नारो शंकर १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार म्हणून तेथे गेले, पुढे नेवाळकरांची कारकीर्द झाली, १८४२ साली मणिकर्णिकेचा विवाह तेथल्या गणेश मंदिरात झाला, हे आपण जाणतोच. पण मराठी माणसांची दुसरी लाट आली ती रेल्वेबरोबर. मुंबईत मुख्यालय असलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८९५ साली झाशीला कारखाना उभारला. पुढे २००३ साली उत्तर मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेचाच भाग होता. त्यामुळे बदलीवर झाशीला गेलेली आणि मग तेथेच रुजलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. आत्याचे यजमान, आमचे काका, त्याच कारखान्यात कामाला होते.

काकांनी १९६८ साली सिप्री बाजारातील एका वृद्ध शिंप्याकडून हे मशीन जुनेच विकत घेतले. ते सिंगर कंपनीचे ‘३१ के’ जातीचे. घरगुती मशीनहून त्याचा हात लांब, अंग जड आणि चाक मोठे. शिंप्यांच्या व कारखान्यांच्या कामासाठीच ही जात बनवली गेली होती. यातील ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याची खूण आहे. तो प्रचंड कारखाना १९८० साली कायमचा बंद झाला. त्याने घडवलेली यंत्रे मात्र आजही जगभर शिवत आहेत. बँकेच्या मासिकात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे सिंगर कंपनीने १८५६ सालापासूनच मशीन हप्त्यांवर विकण्यास सुरुवात केली होती. सामान्य कुटुंबाने वस्तू आधी घरी न्यायची आणि तिच्याच कमाईतून पैसे फेडायचे, ही आज आपल्याला सरावाची झालेली पद्धत रुजवण्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात शिलाई मशीनचा अपवाद केला होता, तो माणसाचे कष्ट खरोखर हलके करणारे यंत्र म्हणून.

काका १९७६ साली अचानक गेले. आत्या तेव्हा तेहतीस वर्षांची होती आणि पदरात दोन मुले. निवृत्तिवेतन तुटपुंजे. जे यंत्र काकांनी हौस व जोडधंदा म्हणून आणले होते, त्यावर आत्या बसली. गार्डांचे जाड गणवेश, खाकी विजारी, गाद्यांच्या खोळी, शाळेची दप्तरे असे जे येईल ते तिने शिवले. आम्ही मुले सुट्टीत तेथे जात असू, तेव्हा रात्री झोपेत ऐकू येणारा तो खालच्या पायट्याचा संथ ठेका मला अजून आठवतो. मुलाचे शिक्षण झाले, मुलीचे लग्न झाले. पुढे आत्याचे डोळे अधू झाले आणि २००९ सालच्या हिवाळ्यात मशीन एके दिवशी जे अडकले ते अडकलेच.

आता या कथेतील सध्याची गरज. आतेभावाची खासगी नोकरी सुटली होती. वहिनी बचत गटातील बायकांबरोबर मऊ खेळणी शिवण्याचे काम करू लागली होती. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ साली सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशी जिल्ह्यासाठी निवडलेले उत्पादन हेच: फरच्या कापडाची अस्वले, ससे, हत्ती. वहिनीकडे होते ते साधे घरगुती मशीन. फरच्या कापडाचे तीन-चार थर एकत्र आले की त्याची सुई वाकायची आणि मोडायची. कपड्यांच्या कामात मोडलेली सुई म्हणजे दोन-चार रुपयांचे नुकसान. खेळण्यात मात्र सुईचे टोक आत राहिले तर ते लहान मुलाच्या हाती जाणार. म्हणून चांगल्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय नवी सुई देत नाहीत. वहिनीच्या दोन खेळण्यांतील तुकडे सापडले नाहीत, तेव्हा तिने ती खेळणी स्वतःच उसवून टाकली. गटप्रमुख बाईंनी सौम्यपणे पण स्पष्टपणे सांगितले की, आठ दिवसांत जड मशीनची सोय झाली नाही, तर पुढचा माल दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल.

मी तेथे पोहोचलो तो नेमका या आठवड्यात. माझ्यातील बँक कर्मचारी लगेच जागा झाला. मी वहिनीला मुद्रा योजनेतील शिशु गटाच्या पन्नास हजारांपर्यंतच्या विनातारण कर्जाची माहिती दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीही आहेत आणि बाहुल्या-खेळणी घडवणारे पारंपरिक कारागीरही आहेत, नोंदणी व प्रशिक्षणानंतर अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साह्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळते, हेही सांगितले. टेबल-मोटरीसह नवे औद्योगिक मशीन वीस हजारांच्या पुढेच जाते, तेव्हा अर्ज करावा हे उत्तम, असा माझा सल्ला होता.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “भाऊजी, कर्जाला मी भीत नाही. पण गटाचं काम मिळून अजून दोनच महिने झालेत. पहिला हप्ता येईल तेव्हा काम असेलच, हे कुणी सांगावं? आणि आठ दिवसांत कर्ज थोडंच होणार? आधी हे घरातलं चालतं का ते तर बघू.”

पंचवीस-तीस वर्षे कर्जप्रकरणे हाताळलेल्या माणसाने हे आधी म्हणायला हवे होते. मी निमूटपणे बाह्या सावरल्या.

मी कारागीर नव्हे. आईच्या हातमशीनची देखभाल लहानपणी माझ्याकडे असायची, तेवढीच माझी शिदोरी. पण जुन्या लोखंडी मशीनविषयी एक गोष्ट मला ठाऊक होती. ते सहसा मोडत नाही, ते अडकते. चाक फिरत नसेल तर जोर लावायचा नाही, कारण जोराने मोडणारा भाग परत मिळेलच याची खात्री नसते. प्रथम पट्टा काढला. खालचा पायटा एकटा सहज हलला, म्हणजे दोष वरच्या अंगात होता. मग सुई, बॉबिन केस आणि प्रेशर फूट काढले. मशीन बिजागरीवर मागे कलंडवले, तेव्हा खालच्या दात्यांभोवती चाळीस वर्षांच्या सुताचा व धुळीचा असा घट्ट थर सापडला की तो चिमट्याने नमद्यासारखा तुकड्या-तुकड्यांनी निघाला. चाकाचे स्क्रू सैल करून चाक बाहेर ओढले, तर मागच्या दांड्यावर खाकी दोऱ्याचे वेढेच वेढे. कोणत्या गार्डसाहेबांच्या विजारीचा तो दोरा होता कोण जाणे!

काढलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घेतली. ही सोय आमच्या लहानपणी असती तर आईचे कितीतरी बोलणे वाचले असते. स्क्रू ठेवण्यासाठी वहिनीने तिचा जुना मिसळणाचा डबा दिला. त्याच्या वाट्यांत एकेका भागाचे स्क्रू निरनिराळे राहिले. हे नुसते नीटनेटकेपण नव्हे. सिंगरच्या अनेक स्क्रूंचे आटे कंपनीने आपल्याच मापाचे ठेवले होते, त्यामुळे एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही स्क्रू तेथे बसत नाही. पेचकसही खाचेत पूर्ण भरेल असाच हवा. निमुळत्या टोकाचा वापरला की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कधीच निघत नाही.

मशीन अडकले कशाने, याचा उलगडा तेलाच्या छिद्रांतून झाला. त्यांत पिवळट, चिकट राळेसारखे काहीतरी साठले होते. आत्याला विचारले, तेव्हा ती थोडी ओशाळून म्हणाली, “मशीनचं तेल संपलं होतं रे. घरात खोबरेल होतं, तेच घातलं. थंडीत ते थिजलं, तेव्हा शेजारणीनं सांगितलं सरसोचं घाल, ते थिजत नाही.” खोबरेल सुमारे चोवीस अंशांखाली गोठू लागते, आणि झाशीच्या जानेवारीतील रात्री त्याहून कितीतरी थंड. सरसोचे तेल थिजत नाही हे खरे, पण हवेशी संयोग पावून काही महिन्यांत ते घट्ट व चिकट होते. खाण्याचे कोणतेही तेल यंत्रात घालू नये ते याचसाठी. मशीनचे पातळ पांढरे तेल खनिज असते. ते वर्षानुवर्षे राळ होत नाही. मराठी आणि बुंदेली अशी दोन्ही स्वयंपाकघरे त्या बिचाऱ्या मशीनच्या पोटात एकत्र आली होती.

खटपट करून पाव लिटर रॉकेल मिळवले. स्वयंपाकघरापासून दूर, अंगणात, प्रत्येक छिद्रात थेंब-थेंब सोडले. मग लक्षात आले की झाशीचे मे महिन्यातील ऊन हेच सर्वांत मोठे औषध आहे. दुसऱ्या दिवशी मशीनचे डोके पोत्यावर ठेवून अंगणात उन्हाला लावले. दुपारी दोन वाजता त्याला हात लावण्याची सोय नव्हती. लोखंड तापले, आतले तेल पातळ झाले आणि छिद्रांखाली तपकिरी ओघळ दिसू लागले. चाकाला फडके गुंडाळून हलकेच मागे-पुढे केले. आधी केसभर हलले. पुन्हा रॉकेल, पुन्हा ऊन. संध्याकाळी पाचच्या सुमारास चाकाने पूर्ण वळसा घेतला, तेव्हा आतेभावाने नकळत टाळी वाजवली. रॉकेल मळ सुटा करते पण वंगण देत नाही, उलट तसेच ठेवले तर लोखंड गंजू लागते. म्हणून ते पुसून त्याच रात्री सर्व सांध्यांत मशीनचे तेल भरले. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. बाहेरचा काळा मुलामा आणि सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसू नये, ती फडक्याबरोबर निघून येते. ओल्या तेलाचा बोळा पुरेसा असतो.

आता मशीन फिरत होते, पण शिवत नव्हते. नवा चामडी पट्टा, सुयांचे पाकीट आणि बॉबिन केस आणली. दोरा ओवला आणि जाड कापडावर पाय मारला, तर चार टाके पडत आणि पाचवा चुकत असे. शिवाय कापडाखाली दोऱ्याच्या गुंतवळी. गुंतवळीचे कारण लवकर सापडले. खाली गुंता दिसला की माणूस खालच्या बॉबिनला दोष देतो. बहुधा चूक वरच्या दोऱ्याची असते. तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, सैल राहतो आणि खाली ओढला जातो. चकत्यांमधील जुन्या सुताचे कण काढले, प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला आणि गुंतवळ गेली.

चुकणारे टाके मात्र जाईनात. याचे शास्त्र असे आहे की, सुई तळापर्यंत जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक सुईच्या भोकाच्या किंचित वरून त्या फासात शिरले पाहिजे. क्षण चुकला की टाका चुकला. मी भिंग लावून पाहिले आणि शटलची वेळच बिघडली आहे, असे ठरवून टाकले. ती जुळवायची तर आतील दांडे सैल करावे लागणार होते. एकदा ते हलवले की माझ्यासारख्या नवख्याच्या हातून पुन्हा जागेवर येतील याची शाश्वती नव्हती. आठातील पाच दिवस संपले होते. मी पेचकस लावणार एवढ्यात खाटेवरून आत्या म्हणाली, “सुईची खाच कुठल्या अंगाला आहे?”

या चार दिवसांत आम्ही तिला खोबरेलाखेरीज काहीही विचारले नव्हते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिचा उपयोगच नाही, असे जणू आम्ही तिघांनी गृहीत धरले होते. तिला हात धरून मशीनपाशी आणले. तिने चाक फिरवून सुई वर घेतली, अंगठ्याचे नख सुईवरून वरून खाली ओढले आणि म्हणाली, “वाकडी बसवलीस.”

घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती सहसा चुकीची बसत नाही. औद्योगिक मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल. ती कशीही फिरते. ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला तिची लांब खाच आली पाहिजे आणि शटलकडे तिची खोलगट पाठ. माझी सुई थोडी तिरपी झाली होती, म्हणून फास भलत्याच दिशेला पडत होता. आत्याने स्क्रू सैल करायला लावला, नखाने खाच जोखत सुई फिरवली आणि वर टेकवून म्हणाली, “आता आवळ.” शटलला हात लावण्याची गरजच उरली नाही. फरच्या कापडाच्या चार थरांवरून टाक्यांची ओळ न चुकता गेली. वहिनीने कापड दोन्ही बाजूंनी ओढून पाहिले, आत्याच्या हातात दिले. आत्याने बोटांनी सगळी शिवण चाचपली आणि टाका थोडा लहान ठेव, खेळणं आहे, मुलं ओढतात, एवढेच सांगितले.

खर्चाचा हिशेब लिहून ठेवायची माझी सवय. पट्टा, सुया, बॉबिन केस, तेल आणि रॉकेल मिळून सहाशे चाळीस रुपये झाले. प्रत्येक जुने मशीन असे वाचेलच, असे मी म्हणणार नाही. बिडाच्या अंगाला तडा गेला असेल, दांडे खळखळत असतील किंवा शटलची वाट झिजून रुंद झाली असेल, तर त्यावर पैसा घालणे म्हणजे हौस. ती खुशाल करावी, पण तिच्यावर रोजगार टांगू नये. हे ओळखणे फारसे अवघड नाही. चाक हातात धरून वर-खाली हलवावे. फिरण्याखेरीज दुसरी हालचाल जाणवली तर सावध व्हावे.

आठव्या दिवशी वहिनीने गटाकडून चाळीस अस्वलांचे कापलेले कापड घरी आणले. मी मुंबईस परतलो. पुढचे वृत्त फोनवरून कळत राहिले. पावसाळा संपेपर्यंत काम अखंड मिळाले, एकही सुई आत राहिली नाही आणि गटाने दिलेल्या मजुरीच्या सहा नोंदी तिच्या बचत खात्याच्या पासबुकात पडल्या. गणपतीत तिचा फोन आला. कडा शिवण्यासाठी ओव्हरलॉक मशीन घ्यायचे ठरले होते आणि आता तिला कर्ज हवे होते. मी सांगितलेल्या कागदपत्रांत तिने आपण होऊन पासबुकाची प्रत जोडली होती. कर्ज अधिकारी म्हणून मला एवढेच म्हणता येईल की, मे महिन्यात जे प्रकरण माझ्या आग्रहावर उभे राहिले असते, ते भाद्रपदात स्वतःच्या पायांवर उभे होते.

सिंगरला आता मोटर बसवण्याचा आतेभावाचा विचार आहे. आत्याचा त्याला विरोध नाही, पण पायट्याचा सांगाडा विकायचा नाही, ही तिची अट आहे. तेल घालण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. दर रविवारी नखाने छिद्रे शोधून ती एकेक थेंब सोडते. घरातील खोबरेलाची बाटली मात्र तिने आपल्या उशाशी नेऊन ठेवली आहे.